स्क्रिप्टला साका लागला तर: अपडेटनंतर विंडोजवर ओळीच्या शेवटाचा बिघाड शोधणं आणि काढणं

एप्रिलच्या मध्यात देवगड तालुक्यात कोणालाच वेळ नसतो. सकाळी काढणी, दुपारी प्रतवारी आणि पेट्या भरणं, संध्याकाळी वाशीचा ट्रक. आमच्या बागेचा पसारा मोठा नाही, पण पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या आणि दलालाला पाठवायची यादी मी हाताने लिहीत नाही. पुण्यातल्या भाच्याने त्यासाठी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडची फाईल, करून दिली आहे, पेटी.एसएच नावाची. घरच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, टाकलेलं आहे, त्यात ती चालते. दोन हंगाम बिनबोभाट चालली. तिसऱ्या हंगामात एका संध्याकाळी मी ती चालवली आणि स्क्रीनवर आलं:

बॅड इंटरप्रिटर: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी

म्हणजे अशी फाईलच नाही. फाईल तर समोर दिसत होती. उघडली, वाचली, एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. शेवटी त्या दिवशीच्या चिठ्ठ्या मार्कर पेनने लिहिल्या आणि रात्री भाच्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "मामा, गेल्या आठवड्यात कायतरी अपडेट केलंस काय?"

केलं होतं. फाईलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणारा आणि ते एकमेकांकडे पोचवणारा गिट नावाचा प्रोग्राम आम्ही वापरतो, त्याचा नवा इन्स्टॉलर आला, त्याने चार-पाच प्रश्न विचारले आणि मी न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो. दोष माझाच.

हापूसचा साका आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. फळ बाहेरून पिवळंधमक, वास घमघमीत, डाग नाही. कापलं की आत कोयीजवळ पांढुरका, स्पंजासारखा गर. बाहेरून हात फिरवून तो कळत नाही. स्क्रिप्टचा हा बिघाडही तसाच आहे. फाईल एडिटरमध्ये बघून तो दिसणार नाही. कापून बघावं लागतं. हा लेख कापायचं कसं, काढायचं कसं आणि पुढच्या हंगामात तो लागू नये म्हणून काय करायचं, एवढ्यासाठीच आहे. शेल स्क्रिप्ट नुकत्याच वापरायला लागलेल्यांनी वाचावा असा लिहिला आहे.

एक सूचना. कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर एकमेकांना सांगतो तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. अक्षर मोठं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी लहान लिपीत. रेघा, टिंबं, डॉलर, तिरक्या रेघा जशा दिसतात तशाच टाकायच्या.

आधी थोडं टाईपरायटरबद्दल

ज्यांनी तालुक्याच्या टायपिंग क्लासमध्ये सकाळी सातची बॅच केली आहे त्यांना हे चटकन कळेल. ओळ संपली की घंटा वाजायची, मग डाव्या हाताने दांडी ढकलायची. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जायचं. टेलिप्रिंटरमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या खुणांनी होत. कॅरेज सुरुवातीला नेणारी खूण ती कॅरेज रिटर्न, म्हणजे सीआर. कागद वर सरकवणारी ती लाइन फीड, म्हणजे एलएफ. १९६३ साली आस्की, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारं कोष्टक, ठरलं तेव्हा या दोन्हींना आपापले क्रमांक मिळाले: सीआरला १३, एलएफला १०.

पुढे वाटा फुटल्या. युनिक्सने ठरवलं की ओळ संपली हे सांगायला एकटा एलएफ पुरे. सीपीएम ही जुनी संगणकप्रणाली, त्यामागून डॉस आणि डॉसमागून विंडोज यांनी जोडी ठेवली: आधी सीआर, मग एलएफ. जुन्या मॅकवर, मॅक ओएस ९ पर्यंत, नुसता सीआर होता. चूक कोणाचीच नाही. ईमेलच्या आणि वेबच्या नियमांत आजही जोडीच वापरतात. अडचण येते ती विंडोजच्या पद्धतीने लिहिलेली फाईल लिनक्सच्या बॅशसमोर, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसमोर, ठेवली की. बॅश ओळ एलएफपाशी तोडतो आणि त्याआधीचा सीआर त्याला ओळीतलंच एक अक्षर वाटतं.

आता माझा तो संदेश बघा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की ही फाईल /बिन/बॅश ने चालवा. ओळीला सीआरची शेपटी लागली की लिनक्स '/बिन/बॅश आणि त्यापुढे एक सीआर' एवढ्या लांब नावाचा प्रोग्राम शोधायला जातो. तो नसतोच. 'अशी फाईल नाही' हे त्या प्रोग्रामबद्दल आहे, तुमच्या स्क्रिप्टबद्दल नाही. मी तासभर स्वतःची फाईल शोधत बसलो ते याच गैरसमजात.

पायरी १: संदेश नीट वाचा

हा बिघाड वेगवेगळ्या वेशात येतो. पुढचे संदेश दिसले तर संशय आधी सीआरवर घ्यावा.

बॅड इंटरप्रिटरच्या आधी ^एम असं काही दिसत असेल तर शंकाच नको. ती ^एम खूण म्हणजेच सीआर. पहिल्या ओळीत एन्व्हचा वापर असेल तर 'एन्व्ह: बॅश\आर: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी' असं येतं. नव्या बॅशमध्ये कधी 'कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाईल नॉट फाउंड' असंही येतं.

बॅश पेटी.एसएच असं थेट चालवलं तर पहिली ओळ नुसती टीप समजून सोडली जाते, मग तक्रार पुढे सुरू होते. रिकाम्या ओळीवर येते: $'\आर': कमांड नॉट फाउंड. रिकामी ओळ आपल्याला रिकामी दिसते, बॅशला तिथे एक अक्षर दिसतं आणि तो त्याला कमांड समजून शोधतो. इफ, फॉर, व्हाइल असलेल्या स्क्रिप्टमध्ये 'सिंटॅक्स एरर' येतो, बऱ्याचदा 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाईल' या शेपटीसह. कारण 'डन' आणि 'एफआय' हे शब्द सीआर चिकटल्यामुळे ओळखू येत नाहीत आणि बॅश फाईल संपेपर्यंत त्यांची वाट बघत राहतो.

मुंडकं उडालेला संदेश हीसुद्धा एक खूण आहे. ओळीची सुरुवात गायब, आणि संदेश एखाद्या विरामचिन्हापासूनच सुरू झाल्यासारखा दिसतो. सीआर छापला गेला की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढची अक्षरं आधीच्या अक्षरांवर चढतात. टाईपरायटरवर कागद न सरकवता नुसतं कॅरेज मागे ओढलं तर व्हायचं तेच.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे संदेशच न येणं. स्क्रिप्टने 'हो' आणि 'हो' यांची तुलना केली, एकाला अदृश्य शेपटी होती, उत्तर 'वेगळे' आलं आणि काम गुपचूप दुसऱ्या फांदीने गेलं. किंवा स्क्रिप्टने 'एप्रिल' नावाचा फोल्डर केला आणि त्याचं खरं नाव 'एप्रिल आणि एक सीआर' असं झालं. एलएस केल्यावर नाव अवतरण चिन्हांत आणि मागे $'\आर' घेऊन दिसलं तर समजायचं. डॉकर (प्रोग्राम बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) वापरणाऱ्यांना हाच आजार कंटेनर सुरू होताना भेटतो: एन्ट्रीपॉइंटची फाईल इमेजमध्ये असते, तरी 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'.

पायरी २: कापून बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी खात्री करा. डब्ल्यूएसएलच्या टर्मिनलमध्ये फाईल असलेल्या फोल्डरात जा आणि पहिली कमांड द्या:

फाईल पेटी.एसएच

इथे 'फाईल' हे कमांडचंच नाव आहे. उत्तराच्या शेवटी 'विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स' आलं तर साका आहे. त्याविषयी काहीच आलं नाही तर बहुतेक फाईल चांगली आहे. मिश्र फाईलही असते, तिला उत्तरात सीआरएलएफ आणि एलएफ दोन्ही लिहून येतात.

बहुतेक ठिकाणी सांगतात ती दुसरी पद्धत म्हणजे:

कॅट -ए पेटी.एसएच

इथला ए मोठा. चांगल्या ओळीच्या शेवटी नुसतं $ दिसतं, साका लागलेल्या ओळीच्या शेवटी ^एम$ दिसतं. पण आपल्या स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर असतो. माझ्या पेटी.एसएच मध्ये गावांची नावं आहेत, जामसंडे, पडेल, तळेबाजार. कॅट -ए देवनागरीच्या प्रत्येक बाइटला एम-अमुक अशा खुणांत दाखवतो, आणि त्या जंगलात खरी ^एम शोधताना डोळे फुटतात. म्हणून मराठी असलेल्या फाईलसाठी मोजणी बरी:

ग्रेप -सी $'\आर' पेटी.एसएच

डब्ल्यूसी -एल पेटी.एसएच

पहिली कमांड सीआर असलेल्या ओळी मोजते, दुसरी एकूण ओळी. पहिली शून्य आली तर चिंता नाही. दोन्ही सारख्या आल्या तर अख्खी फाईल विंडोजच्या पद्धतीची झाली आहे, म्हणजे एखाद्या प्रोग्रामने ती सरसकट बदलली. पहिली थोडी, दुसरी पुष्कळ असेल तर कोणीतरी मधल्या काही ओळी विंडोजच्या एडिटरमधून आणून चिकटवल्या आहेत. हा फरक पुढे गुन्हेगार शोधताना कामाला येतो.

अगदी बाइट बघायचे असतील तर:

हेड -३ पेटी.एसएच | ओडी -सी

यात \आर \एन जोडीने दिसलं की झालं. ओडी काही लपवत नाही, सजवत नाही, म्हणून दुसऱ्याला दाखवायला हीच सगळ्यात चांगली.

टर्मिनलची भीती वाटत असेल तर नोटपॅड उघडा. खालच्या पट्टीत उजवीकडे 'विंडोज (सीआरएलएफ)' किंवा 'युनिक्स (एलएफ)' लिहिलेलं असतं. व्हीएस कोडमध्येही खाली उजवीकडे सीआरएलएफ किंवा एलएफ दिसतं. २०१८ च्या आधीच्या नोटपॅडला नुसता एलएफ कळतच नसे. लिनक्सची फाईल उघडली की सगळा मजकूर एकाच ओळीत, गजऱ्यासारखा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ते सुधारलं. मिश्र फाईलच्या बाबतीत मात्र या पट्टीवर विसंबू नये, ती एकच नाव दाखवते.

पायरी ३: शेपूट कापा

ट्रक उभा असेल तर आधी हे करा, कारणं नंतर शोधा.

सेड -आय.बॅक 'एस/\आर$//' पेटी.एसएच

अर्थ असा: प्रत्येक ओळीच्या अगदी शेवटी सीआर असेल तर तो काढ, फाईल जागच्या जागी बदल, आणि जुनी प्रत पेटी.एसएच.बॅक या नावाने ठेव. डॉस२युनिक्स नावाचा स्वतंत्र प्रोग्रामही आहे. उबुंटूमध्ये सुडो एपीटी इन्स्टॉल डॉस२युनिक्स असं करून तो घेता येतो. विंडोजसाठीच्या गिटबरोबर तो आधीच येतो. मग नुसतं:

डॉस२युनिक्स पेटी.एसएच

व्हीएस कोडमध्ये खालच्या सीआरएलएफवर क्लिक करून एलएफ निवडायचं आणि सेव्ह करायचं. नोटपॅड++ मध्ये एडिट मेनूत ईओएल कन्व्हर्जन आहे.

दोन ठिकाणी थांबा. पहिलं, हातासरशी फोल्डरातल्या सगळ्याच फाईल सोलायला जाऊ नका. .बॅट आणि .सीएमडी या विंडोजच्या बॅच फाईल आहेत, त्यांना जोडीच हवी. नुसत्या एलएफवर त्यातले गोटूचे लेबल कधीकधी सापडत नाहीत आणि तो बिघाड याहून विचित्र असतो. फोटो, झिप, एक्सेलच्या फाईलना तर बोटही लावू नका. त्यांच्यात १३ क्रमांकाचा बाइट हा ओळीचा शेवट नसतो, चित्राचाच तुकडा असतो.

दुसरं मराठीबद्दल. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्या तिन्हींचं मूल्य १२७ च्या वरचं असतं. १३ किंवा १० त्यात येऊच शकत नाही. त्यामुळे वरच्या कमांडने तुमचा मराठी मजकूर बिघडणार नाही, निर्धास्त चालवा. पण फाईल यूटीएफ-१६ मध्ये असेल तर गोष्ट वेगळी. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये > ही खूण वापरून फाईल केली की ती यूटीएफ-१६ मध्ये होते. तिथे 'ऍ' या अक्षराचा क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, ०९०डी आहे, आणि ०डी म्हणजेच १३. 'ऊ' चा ०९०ए आहे, आणि ०ए म्हणजे १०. म्हणजे यूटीएफ-१६ फाईलमधले सीआर आंधळेपणाने काढले तर जुन्या पद्धतीने लिहिलेल्या 'ऍप' मधला अर्धा ऍ जाईल आणि पुढचा सगळा मजकूर एका बाइटने सरकून चिनी-जपानी दिसायला लागेल. मी हे करून बसलो आहे, गिऱ्हाइकांच्या यादीवर. 'फाईल' कमांडने यूटीएफ-१६ सांगितलं तर आधी भाषांतर करून घ्या, मग सीआर काढा:

आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-१६ -टी यूटीएफ-८ यादी.टीएक्सटी > यादी२.टीएक्सटी

(दोन्ही यूटीएफ मोठ्या अक्षरांत. ही कमांड डब्ल्यूएसएलमध्ये द्या, पॉवरशेलमध्ये दिलीत तर > पुन्हा यूटीएफ-१६ च करेल.)

सीआर काढूनही पहिल्याच ओळीवर तक्रार राहिली तर फाईलच्या तोंडाशी बॉम असू शकतो, ईएफ बीबी बीएफ हे तीन अदृश्य बाइट. ओडी -सी मध्ये ते ३५७ २७३ २७७ असे दिसतात. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीतल्या यूटीएफ-८ विथ बॉमवर क्लिक करून साध्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं की जातात.

पायरी ४: शेपूट आलं कुठून

इथे जरा बैठक मारा, कारण हे शोधलं नाही तर आठवड्याने पुन्हा सेड चालवाल.

माझ्या गोष्टीतला तिढा असा होता की अपडेट शनिवारी झाला आणि स्क्रिप्ट गुरुवारी बिघडली. मधले चार दिवस ती नीट चालत होती, म्हणून अपडेटचा संशयच आला नाही. कारण गिटच्या कामाच्या पद्धतीत आहे. विंडोजवरच्या गिटमध्ये कोअर.ऑटोसीआरएलएफ नावाची एक सेटिंग असते. तिची किंमत ट्रू असेल तर गिट फाईल तुमच्या डिस्कवर उतरवताना एलएफचं सीआरएलएफ करतं आणि परत साठवताना उलटं. इनपुट असेल तर उतरवताना हात लावत नाही, साठवताना फक्त सीआर काढतं. फॉल्स असेल तर दोन्ही वेळा गप्प बसतं. इन्स्टॉलर यातलं काय हवं ते विचारतो, आणि न बदलता पुढे गेलं तर ट्रू ठरतं. मात्र सेटिंग बदलली म्हणून डिस्कवर आधीच असलेल्या फाईल गिट पुन्हा लिहीत नाही. ज्या फाईलमध्ये नवा बदल येईल तेवढीच ते नव्याने उतरवतं. भाच्याने बुधवारी रात्री पेटी.एसएच मध्ये एक ओळ बदलून पाठवली, मी गुरुवारी गिट पुल करून ती उतरवून घेतली, आणि तेवढ्या एका फाईलला शेपटं फुटली. शेजारच्या चार स्क्रिप्ट ठणठणीत.

सेटिंग कुठून आली ते असं बघा:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल कोअर.ऑटोसीआरएलएफ

उत्तरात किंमत आणि ती ज्या फाईलमध्ये लिहिली आहे तिचा पत्ता, दोन्ही येतात. प्रोग्राम फाइल्समधल्या गिटचा पत्ता आला तर ती सिस्टीमची सेटिंग, इन्स्टॉलरने लिहिलेली. तुमच्या नावाच्या फोल्डरातली .गिटकॉन्फिग आली तर ती तुमची स्वतःची. दोन्ही असतील तर तुमची वरचढ. ही कमांड विंडोजच्या गिटमध्ये आणि डब्ल्यूएसएलमधल्या गिटमध्ये वेगवेगळी चालवून बघा, कारण ती दोन स्वतंत्र बिऱ्हाडं आहेत. एकाच फोल्डरावर दोन्ही गिट चालवणाऱ्यांना 'काही बदललं नाही तरी गिट सगळ्या फाईल बदलल्या म्हणतं' असा अनुभव येतो, तो यामुळेच.

मग ही कमांड:

गिट एलएस-फाइल्स --ईओएल

प्रत्येक फाईलपुढे आय/ आणि डब्ल्यू/ अशी दोन टोकं दिसतात. आय म्हणजे गिटच्या कोठारातली प्रत, डब्ल्यू म्हणजे तुमच्या डिस्कवरची. आय/एलएफ डब्ल्यू/सीआरएलएफ असेल तर माल चांगला निघाला होता, वाटेत उतरवताना बिघडला. आय/सीआरएलएफ असेल तर बागेतूनच तसा आला आहे, म्हणजे कोणीतरी सीआरसकट साठवला आहे. पहिल्यात तुमची सेटिंग बदलायची, दुसऱ्यात सगळ्यांसाठी फाईल दुरुस्त करायची.

गिट वापरत नसाल तर अपडेटमुळे बिघडण्याच्या आणखी वाटा आहेत. सिग्विनवाल्यांना (सिग्विन म्हणजे विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड देणारा संच) हे दोनदा भोगावं लागलं. २००६ मध्ये सिग्विनच्या बॅशने सीआरकडे काणाडोळा करणं सोडलं आणि जुन्या स्क्रिप्ट एका रात्रीत मोडल्या. त्यासाठी सेट -ओ आयजीएनसीआर हा पर्याय ठेवला, तो सिग्विनच्या बॅशमध्ये आहे, लिनक्सवर नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या ग्रेप, सेड आणि गॉक यांनीही सीआर परस्पर गाळणं बंद केलं. दोन्ही वेळा स्क्रिप्टमध्ये साका आधीपासून होताच, जुना प्रोग्राम तो खपवून घेत होता एवढंच. विंडोजच्या गिटबरोबर येणाऱ्या गिट बॅशमधून डब्ल्यूएसएलकडे येणाऱ्यांचंही असंच होतं: गिट बॅश सीआर बऱ्याचदा चालवून घेतो, लिनक्सचा बॅश घेत नाही. एडिटर नवा टाकला आणि त्याने नव्या फाईल सीआरएलएफमध्ये करायला सुरुवात केली, हीसुद्धा नेहमीची गोष्ट. व्हीएस कोडमध्ये फाइल्स.ईओएल ही सेटिंग \एन करून ठेवली की नव्या फाईलपुरता तो प्रश्न मिटतो.

पायरी ५: पुढच्या हंगामाची सोय

प्रत्येकाच्या लॅपटॉपवरची सेटिंग दुरुस्त करत बसण्यापेक्षा नियम फाईलींबरोबरच ठेवावा. गणपतीत मुंबईचे चाकरमानी लॅपटॉप घेऊन येतात आणि पडवीत बसून तेच काम करतात. कोणाच्या लॅपटॉपवर काय सेटिंग आहे कोण बघणार? फोल्डरात .गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाईल करा, नावाच्या आधीचं टिंब विसरू नका, आणि तिच्यात लिहा:

* टेक्स्ट=ऑटो
*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ
*.बॅट टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ
*.सीएमडी टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ

ऑटोसीआरएलएफ काहीही असो, ही फाईल त्याच्या वर चालते. ज्या स्क्रिप्टच्या नावामागे .एसएच नसतं त्यांची ओळ वेगळी लिहा, नाव घेऊन. डॉकरच्या एन्ट्रीपॉइंटची फाईल लोक नेमकी इथेच विसरतात. मग:

गिट ॲड --रीनॉर्मलाइज .
गिट स्टेटस
गिट कमिट -एम "ओळींचे शेवट एलएफ केले"

पहिल्या कमांडच्या शेवटचं टिंब कमांडचाच भाग आहे. रीनॉर्मलाइज गिटच्या २.१६ पासून आहे. एक मेख: याने कोठारातली प्रत सुधारते, डिस्कवरची नाही. कमिट झाल्यावर, तुमचे न साठवलेले बदल शिल्लक नाहीत याची खात्री करून, बिघडलेली फाईल पुसा आणि पुन्हा उतरवून घ्या:

आरएम पेटी.एसएच
गिट चेकआउट -- पेटी.एसएच

आणि स्वतःच्या समाधानासाठी एकदा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.ऑटोसीआरएलएफ इनपुट

इन्स्टॉलर सिस्टीमची सेटिंग लिहितो, ही तुमची. पुढच्या वेळी नेक्स्ट, नेक्स्ट झालं तरी ही टिकते.

स्क्रिप्ट चांगली, माल सडका

एवढं करून माझ्या चिठ्ठ्या छापल्या गेल्या, पण काहींवर गावाचं नाव आणि 'डझन' हा शब्द एकमेकांवर चढले. स्क्रिप्टमध्ये आता सीआर नव्हता. तो यादीत होता. यादी बायको एक्सेलमध्ये करते आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह करते. त्या फाईलच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपतात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्याला सीआर चिकटतो. शेवटचा रकाना गावाचा होता. एक्सेलला दोष देण्यात अर्थ नाही, विंडोजवर तेच बरोबर आहे. स्क्रिप्टनेच दारात चप्पल काढायला लावायची:

टीआर -डी '\आर' < यादी.सीएसव्ही | व्हाइल आयएफएस=, रीड -आर नाव डझन गाव; डू

(आयएफएस मोठ्या अक्षरांत. ही लूपची फक्त पहिली ओळ आहे, पुढचा लूप आधीसारखाच.) डब्ल्यूएसएलमधून एखादा विंडोजचा .ईएक्सई प्रोग्राम बोलावून त्याचं उत्तर वापरत असाल तर तिथेही | टीआर -डी '\आर' जोडा, कारण ते उत्तर बऱ्याचदा सीआरसकटच येतं. टीआर ओळीच्या मधलेही सीआर काढतो, सेडची वरची कमांड फक्त शेवटचे. यादीसाठी तो फरक पडत नाही.

आता अपडेट मी फेब्रुवारीत करून घेतो, मोहोर असतो तेव्हा. एप्रिल-मे मध्ये इन्स्टॉलर कितीही मागे लागला तरी नंतर बघू म्हणतो. सुरक्षेचे अपडेट तेवढे घेतो. अपडेट झाला की ग्रेप -सी ची मोजणी, गिट एलएस-फाइल्स --ईओएल, आणि बॅश -एन पेटी.एसएच. ही शेवटची कमांड स्क्रिप्ट न चालवता तिचं व्याकरण तपासते. सीआरमुळे मोडलेले लूप ती पकडते, पण साध्या सरळ ओळींची स्क्रिप्ट सीआरसकटही तिच्यातून पास होऊ शकते, म्हणून मोजणी सोडत नाही.

आणि कोणाला मदत मागायची असेल तर स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फोटोत सीआर दिसत नाही. स्क्रिप्टचा मजकूर संदेशात चिकटवूनही भागत नाही, वाटेत शेपटं गळून जाऊ शकतात आणि समोरच्याकडे ती सुरळीत चालते. हेड -३ आणि ओडी -सी चं उत्तर पाठवा, किंवा फाईलच झिप करून. भाच्याला मी दोन दिवस फोटो पाठवत होतो आणि तो दोन दिवस म्हणत होता, "मामा, माझ्याकडे चालतासा."